डासाची साक्ष

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी हौद आणि टाक्या भरलेल्या असतात. परवा एका स्नेह्यांकडे अशाच टाकीचे झाकण लावता लावता डासांचा विषय निघाला आणि भलतीकडेच गेला. त्यांच्या पुतणीने जातीबाहेर विवाह ठरविला आहे. स्नेही विज्ञानाचे पदवीधर, म्हणाले, "प्राध्यापकसाहेब, डाससुद्धा आपले गुण मिसळू देत नाही!"

दाखला अगदीच खोटा नव्हता. आफ्रिकेत हिवताप पसरविणाऱ्या अ‍ॅनोफेलिस गॅम्बी या डासाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या बाहूचा एक मोठा तुकडा काही डासांत उलटा बसलेला असतो. उलटा व सुलटा तुकडा एकाच डासात जोडीने आले, तर त्यांच्यातील देवघेव जवळजवळ थांबते. झालीच तर तिच्यातून निपजणारे बीज बहुधा वाया जाते. त्यामुळे एकमेकांस पूरक असे गुण पिढ्यान् पिढ्या एकगठ्ठा राहतात. उलट्या तुकड्याचा डास कोरड्या हवेत अधिक तग धरतो, सुलट्याचा दमट अरण्यात अधिक आढळतो. नायजेरियात घरात विसावणारे व बाहेर विसावणारे डास यांतही हे प्रमाण भिन्न असते, असे मारियो कोलुझ्झी या इटालियन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखविले. आपल्या टाक्यांत वाढणाऱ्या अ‍ॅनोफेलिस स्टीफन्सीतही असे उलटे तुकडे आहेत.

परंतु स्नेह्यांनी साक्षीदाराची अर्धीच जबानी ऐकली होती. मिसळत नाही तो तुकडा, डास मिसळतातच. दोन्ही तऱ्हांच्या डासांचा संकर सुखेनैव चालतो, आणि एका जोडीत दोन्ही तुकडे वागविणारे डास पुष्कळ सापडतात. दोन्ही तुकडे शिल्लक असतात म्हणूनच पाऊस येताच एकाचे प्रमाण वाढते आणि कोरड्या दिवसांत दुसऱ्याचे. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले, आणि स्नेही निरुत्तर झाले.

घरी येताना मात्र त्या विजयाचा आनंद टिकला नाही. समजा, डास मिसळत नसते, तर मी काय म्हटले असते? त्या मुलीचा बेत चुकीचा ठरला असता काय? जे टिकले ते योग्य, हे सूत्र स्नेह्यांचे होते. मी फक्त त्यात दुसरा दाखला बसविला. टिकण्याचेच म्हणाल, तर हिवतापही टिकून आहे. वर्गात मी 'निसर्ग निवड करतो' असे सहज बोलून जातो. वास्तविक तेथे निवडणारा कोणीच नसतो. निवड करावयाची होती ती त्या घरात, आणि ती करणारी आमच्यासमोर चहा ठेवून आत गेली होती. तिला आम्हा दोघांपैकी कोणीच काही विचारले नाही.