पापडाचे पैसे

आमच्या बालगृहाच्या हिशेबात ‘इतर जमा’ नावाचं एक खातं होतं. रद्दी, तेलाचे रिकामे डबे आणि मुलींनी लाटलेले पापड विकून आलेले पैसे त्यात पडत. मी विश्वस्त मंडळाचा खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेला. जमा-खर्चाचा मेळ बसला की आपलं काम झालं, असं मानणारा. एका मे महिन्यात नववीतल्या एका मुलीने विचारलं, “काका, मी लाटलेल्या पापडांचे पैसे कुठे जातात?”

“तुमच्यासाठीच तर वापरतो. तेल, साखर त्यातूनच येतं,” मी म्हणालो.

ती जरा थांबली. “आणि रद्दीचे?”

“तेही त्यातच.”

ती ‘बरं’ म्हणून निघून गेली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते लागलं.

आमची संस्था श्रद्धाळू माणसांनी काढलेली. संध्याकाळी आधी प्रार्थना, मग पंगत. माहितीपत्रकावर ‘स्वावलंबन’ हा शब्द ठळक छापलेला. त्या दिवशी तो शब्द मला पहिल्यांदा दोन तुकड्यांत दिसला. स्वावलंबन मुलीचं, की संस्थेचं? दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, त्यामुळे एकाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर सहज जमा होतं. ही गल्लत कधीपासूनची, हे पाहायला मी पंडिता रमाबाईंकडे वळलो. आपल्याकडे श्रद्धेच्या बळावर चाललेल्या अनाथगृहाचा विषय निघाला, की त्यांच्या केडगावच्या संस्थेला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

रमाबाईंच्या स्वावलंबनाच्या विचाराची सुरुवात लोक बहुधा त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासात शोधतात. मला ती १८७४ मध्ये दिसते. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारे. गंगामूळच्या रानात आश्रम मांडून आल्यागेल्याला जेवू घालता घालता ते कफल्लक झाले, आणि मग सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडू लागलं. दुष्काळाने गाठलं तेव्हा आई-वडील आणि थोरली बहीण थोड्याच महिन्यांत गेली. पुढे १८९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी या दिवसांबद्दल लिहिलं ते स्वतःला जराही न सोडता. भीक मागण्याची लाज वाटत होती आणि अंगमेहनतीचं एकही काम येत नव्हतं. जातीचा आणि विद्येचा ताठा आड आला नसता, एखादा उपयोगी धंदा शिकलो असतो, तर आई-वडील वाचले असते, असा त्या लिहिण्याचा आशय आहे.

हे वाक्य कोणत्या समाजात लिहिलं गेलं ते ध्यानात घ्यायला हवं. माधुकरी मागून, वार लावून जेवून शिकलेल्यांची चरित्रं आपण अजूनही अभिमानाने वाचतो. विद्येसाठी हात पसरणं हा आपल्याकडे कमीपणा नव्हता, तो जवळजवळ संस्कार होता. हजारो श्लोक पाठ असलेली मुलगी म्हणते, की श्लोकांनी पोट भरलं नाही. माझ्या मते केडगावच्या सगळ्या कारखानदारीचं मूळ या शरमेत आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, तेव्हा स्वावलंबन हा शब्द स्वच्छ एकवचनी होता. एक विधवा, तिचं शिक्षण, तिची नोकरी. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कर्व्यांच्या विधवांसाठीच्या संस्थेचा उगम सांगताना हा धागा वगळला जातो, तो वगळू नये. पण सदनाचा खर्च चालत होता बोस्टनच्या मंडळींनी दिलेल्या दहा वर्षांच्या वचनावर. दहा वर्षं सरल्यावर काय, हा प्रश्न होताच. म्हणून पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा बेत.

बेत शहाणपणाचाच होता. फक्त वाक्यातला कर्ता बदलला. आता स्वावलंबी व्हायची होती ती संस्था.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. सदन तोवर पुण्यात हललं होतं आणि तिथे प्लेग होता, इतक्यांना शहरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून केडगावला झोपड्या पडल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती एकोणीसशे माणसांच्या आसपास गेली. एवढ्या माणसांचं दळण कोण दळणार? अशा ठिकाणी तत्त्वज्ञान मागून येतं, आधी पीठ लागतं. शेत, गोठा, तेलघाणा, माग, शिवण, धुलाई असं सगळं उभं राहिलं. अंध बायका ब्रेल शिकल्या, टोपल्या विणू लागल्या. माहितीपत्रकासाठी कोणी हे मांडलेलं नव्हतं. न मांडलं तर संध्याकाळी उपाशी झोपावं लागलं असतं.

याच काळात रमाबाईंच्या मनावर जॉर्ज म्यूलर यांचा ठसा होता. या गृहस्थांनी १८३६ पासून ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलं सांभाळली, आणि कोणाकडेही पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे, हा नेम पाळला. आता गंमत पाहा. जी संस्था स्वतः सर्वस्वी देवावर विसंबलेली, ती मुलांना शिकवते स्वतःवर विसंबायला. मला यात एकेकाळी ढोंग दिसे, आता दिसत नाही. देवावर भार टाकणारा माणूस दात्याच्या मर्जीतून सुटतो, आणि ती सुटका लहान नाही. आम्ही दात्यांच्या वाढदिवसांना मुलांना ओळीने उभं करून गाणी म्हणायला लावतो, हे आठवलं की म्यूलर यांचा नेम अधिकच सरळ वाटतो. पण म्यूलर यांच्या मुली पुढे बहुतेक मोलकरणी होत आणि मुलगे कुठल्यातरी कारागिराकडे उमेदवारीला जात. स्वावलंबन म्हणजे समाजाच्या शिडीवर ठरलेली पायरी गाठणं, एवढाच त्याचा अर्थ होता.

केडगावच्या छापखान्यात तो अर्थ थोडा हलला असं मला वाटतं. देवनागरी खिळे जुळवणं हे कसबाचं काम. रोमन लिपीपेक्षा कितीतरी जास्त खण, मात्रा वेगळ्या, जोडाक्षरं वेगळी, आणि सगळं उलटं वाचायचं. हे काम तिथल्या बायका-मुलींनी केलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवत होत्या आणि ते तिथेच जुळवलं, छापलं जात होतं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुलीच्या हाताला एक कसब लागलं, आणि संस्थेचं कामही झालं. पापडाच्या पिठात हे होत नाही. पापड लाटणारी मुलगी दहा वर्षांनी पापडच लाटते.

१९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा हीच गाठ पुन्हा समोर आली. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, ही कल्पना. झाकिर हुसेन समितीने योजना उचलून धरली, पण उत्पन्नाकडे लक्ष गेलं की शिक्षणाचा बळी जाण्याचा धोका आहे, हेही आपल्या अहवालात नोंदवलं. म्हणजे योजना आखणाऱ्यांनाच कर्ता बदलण्याची भीती होती. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राबली, शिजवून जेवली. तिथे गाठ पुष्कळ सैल होती, कारण राबणाऱ्या मुलाला रोज शाळेचं दार दिसत होतं.

मग कायदे आले आणि विचाराची दिशाच फिरली. मुलाचं काम संशयास्पद ठरलं. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामाला लावणं सरसकट बंद झालं. सवलत राहिली ती मुख्यतः घरच्या धंद्यात शाळा सांभाळून हात लावण्याची. आम्ही स्वतःला ‘एक मोठं कुटुंब’ म्हणवतो, पण कायद्याच्या दृष्टीने आम्ही संस्था आहोत. हे बरंच झालं. ज्या घरातून मुलाला अठराव्या वर्षी बाहेर पडावं लागतं, त्याने घर म्हणवताना जरा जपून बोलावं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा ते एकवीस या वयासाठी पश्चात्-सेवेची तरतूद आहे. कागदावर ती ठीक आहे.

अठरा पूर्ण झालेल्या आमच्या एका मुलीचा पुण्याहून पहिल्याच आठवड्यात फोन आला. साठ माणसांचं पिठलं अंदाजाने करणारी ही मुलगी. तिने विचारलं, “काका, एकटीपुरता भात किती टाकायचा?” हसू आलं आणि घशात अडकलं. आम्ही तिला राबायला शिकवलं होतं. आपल्यापुरतं जगायला शिकवलं नव्हतं. भाडेकरार, रेल्वेचं तिकीट, पगारातली उरलेली रक्कम, कोणाला नाही म्हणायचं आणि कसं, यातलं काहीही पापडाबरोबर वाळत घातलेलं नव्हतं.

या ‘नाही म्हणण्या’पाशीच श्रद्धेचा प्रश्न उभा राहतो आणि आमच्यासारख्या मंडळींची अडचण होते. १८९३ मध्ये शारदा सदनात मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू अशी, की माझं दार उघडं आहे, मी कोणाला ओढत नाही. त्या खोटं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. पण जिच्या हातून जेवायचं तिच्या उघड्या दारात मूल जाणारच. हे ख्रिस्ती प्रार्थनेला लागू, तसंच आमच्या आरतीला आणि हरिपाठालाही. राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं, की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीवाचून उपासनेला बसवता येणार नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत संमती पालकाची हवी. आमच्या मुलींचे रोजचे पालक कोण? आम्हीच. म्हणजे बसवणारेही आम्ही आणि संमती देणारेही आम्ही.

हे सगळं मी मंडळाच्या बैठकीत मांडलं. पापडाचा विषय अर्ध्या तासात मिटला. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेत स्वतः चालवायचं खातं उघडता येतं, हे बँकवाल्या खजिनदाराला आधी सुचलं नव्हतं, याबद्दल माझी थोडी थट्टाही झाली. प्रार्थनेच्या विषयावर अध्यक्ष म्हणाले, “खजिनदारसाहेब, हे पुढच्या बैठकीत बघू.” त्यानंतर तीन बैठका झाल्या.

पापडाचे पैसे आता ज्या त्या मुलीच्या पासबुकात जातात. प्रार्थनेला न आलेल्यांची नावं लिहायची वही मात्र अजून दाराशी, खिळ्याला टांगलेली आहे.