टायरावर लिहिलंय ते वाच

ट्रॉलीला टायर बदलले म्हणून मोठ्या उत्साहाने सांगत आलास. कुठले, विचारलं तर म्हणालास, "ट्रकचे आहेत सर, मजबूत असतात." ट्रकवाल्याने ते का उतरवले, हे विचारलंस? तो काय वेडा आहे, चालता टायर काढून टाकायला? त्याने उतरवला, कारण तो संपला होता. तू घेतलास, कारण तो स्वस्त होता. तुम्हा दोघांपैकी टायराकडे एकानेच नीट पाहिलं, आणि तो तू नव्हेस.

अडाण्याला मी एक शब्द बोललो नसतो. त्याला काय बोलायचं? पण तू आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड केलास. भाराचा तक्ता तुझ्या वहीत आहे. वर्गात दुसऱ्यांच्या चुका काढणारा तूच होतास. मग स्वतःच्या ट्रॉलीखाली वाकायला काहून कंबर दुखते?

चल, गुडघे टेक. ओला फडका घे आणि टायराची बाजू पूस. लंबगोल चौकटीत चार आकडे सापडतील. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील, ट्रॉलीखाली आडवं व्हावं लागेल. हो आडवा. ३४१४ असं लिहिलं असेल तर तो टायर २०१४ सालच्या ३४व्या आठवड्यात तयार झाला. खाचा अजून खोल आहेत, हे मला सांगू नकोस. ट्रॉली वर्षातले मोजके महिने धावते. बाकीचे दिवस ती तुझ्या अंगणात उभी असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो. अशा ठिकाणी ट्रॉलीच्या टायराच्या खाचा झिजायच्या आधी रबर मरतं. आता कडेवर अंगठा दाबून बघ. बारीक भेगा उघडतात ना? टायर रिमवरून उतरवशील तेव्हा आत हात घाल. जाडसर तुकडा लागेल. गेटर आहे तो. बाजू फाटली होती, म्हणून कुणीतरी आतून जुन्या टायराचा तुकडा लावून दिला आणि तू तो डोळे झाकून आणलास.

आता हिशेब. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धानाचा कट्टा ४० किलोचा. तू दीडशे कट्टे भरतोस, हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणजे ६००० किलो. ट्रॉलीचं स्वतःचं वजन दीड टन धर. झाले ७५००. त्यातला हजार किलो हुकावर गेला असं मानू. उरले ६५००, आणि चाकं दोन. एका टायरावर ३२५० किलो. तुझ्या टायरावर भाराचा आकडा कोणता आहे? १४०. आणि १४० म्हणजे किती, हे तुला झोपेतही सांगता येतं. २५०० किलो. साडेसातशे किलो जादा, एका चाकावर. हे गणित सातवीच्या पोराला जमतं. तुला जमत नाही असं नाही. तुला ते करायचंच नाही, कारण उत्तर काय येणार हे तुला आधीच ठाऊक आहे.

"हळू चालवतो सर." हे तुझं आवडतं. कमी वेगात टायर थोडा जास्त भार पेलतो, हे खरं आहे. पण ती सूट धडधाकट टायराला, आणि तीही हवा पूर्ण असताना. तक्त्यातला भार ठरलेल्या दाबावरच धरलेला असतो. तू शेवटचा गेज कधी लावलास? टायराला लाथ मारून हवा कळते, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. हवा कमी असली की टायराची कड प्रत्येक फेऱ्याला दुमडते, दुमडली की तापते. वरून ऊन, खालून डांबर. आणि फुटतो तो भरल्या ट्रॉलीचाच टायर. मग ट्रॉली एका कुशीवर जाते. शेजारून सायकलवर शाळेतून येणारी पोरगी असेल तर?

तुझ्या ट्रॉलीला ब्रेक नाही. इथल्या बहुतेक ट्रॉल्यांना नाही. म्हणजे साडेसात टनांना थोपवायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांनी. कोरचीहून बेडगाव घाट उतरताना तुझ्या मागे तो सगळा भार ढकलत येतो. आणि त्या मागच्या टायरांचं तू काय केलंस? एका बाजूला १३.६, दुसऱ्या बाजूला १२.४! रिम दोन्हीकडे २८चा, चाक बसलं, की झालं काम. एक चाक उंच, एक ठेंगणं. सरळ रस्त्यावरसुद्धा डिफरन्शियलला उसंत नाही, आणि ब्रेक दाबला की ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. वर मेकॅनिकला शिव्या देतोस की ब्रेक नीट बसवले नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

शिवाय डाव्या टायराचे दात उलटे बसवलेत. टोक आधी जमिनीला लागायला हवं, म्हणजे चिखल बाहेर फेकला जातो आणि पकड मिळते. हे तर पहिल्या महिन्यात शिकवतात. बांधीतून भरली ट्रॉली ओढताना चाक जागच्या जागी फिरत होतं, तेव्हा तू काय केलंस? इंजिनात दम नाही म्हणालास.

पैसे नाहीत, हे कारण मी मान्य केलं असतं. शेतकऱ्याचा हात कधी मोकळा असतो? पण बोनेटवरच्या त्या झगमगत्या दिव्यांना पैसे होते. साउंड सिस्टिमला होते. रस्त्याला ज्या दोन ठिकाणी ट्रॉली टेकते, नेमके तिथेच खिसे रिकामे झाले?

रबर चढवलेल्या टायराला मी नाक मुरडत नाही. सांगाडा शाबूत असेल, बाजूला चीर नसेल, दुकानदार समोर उभा राहून काम दाखवत असेल, तर ट्रॉलीला असा टायर चालतो. गरिबाची ती रास्त सोय आहे. पण गुळगुळीत झालेल्या टायरावर गरम पात्याने नव्या खाचा कोरून विकतात, तो निव्वळ घात आहे. आतल्या धाग्यांवर जे थोडं रबर उरलेलं असतं, तेच खरवडून काढतात. नियमाने खाच निदान १.६ मिलिमीटर हवी. कोरीव खाचेने पोलिसाचं समाधान होईल, टायराचं नाही. तुला फरक ओळखता येतो. पुढच्या वेळी ओळखला नाही असं म्हणालास, तर मी ऐकून घेणार नाही.

अन् महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला याच ट्रॉलीतून कोणाला नेलंस? आई, काकू, शेजारच्या बाया, कडेवरची पोरं. माल न्यायच्या ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत, हा कायदा तुला माहीत आहे. बरं, कायदा बाजूला ठेव. निघण्यापूर्वी त्या गेटर लावलेल्या टायराकडे एकदा तरी वाकून पाहिलंस? मी विचारलं तेव्हा मान खाली घातलीस. देवाच्या भरवशावर सोडलं होतंस. त्या बाया देवाच्या नाही, तुझ्या भरवशावर बसल्या होत्या. पोरगा शिकलेला आहे, गाडीचं त्याला कळतं, म्हणून बसल्या होत्या.

सगळेच असं करतात, हे मला सांगू नकोस. सगळ्यांना तक्ता वाचता येत नाही. तुला येतो. गावात उद्या दुसरा कोणी ट्रॉलीचा टायर घ्यायला निघाला की तुझ्याचकडे विचारायला येणार, आणि तू त्याला काय दाखवणार? हे?

आता ऐक. केंद्रावर तुझा नंबर लागायला अजून आठवडा आहे. तोवर ट्रॉली ठोकळ्यांवर चढव आणि दोन्ही टायर उतरव. दुकानात गेलास की भाव विचारायच्या आधी भार सांग. एका चाकावर इतके किलो, दोन्ही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, खाचा सरळ पट्ट्यांच्या, कारण ट्रॉलीला ओढायचं नसतं, नुसतं मागे धावायचं असतं. तारीख स्वतः वाच. कट्टे दीडशेऐवजी शंभर भर आणि दोन खेपा कर. ट्रॅक्टरचे मागचे टायर एका जोडीचे होईपर्यंत घाटात जायचं नाही. पैसे कमी पडले तर माझ्याकडे ये, निःसंकोच ये. कारणं घेऊन मात्र येऊ नकोस.