पैठणच्या चित्रांचा धनी

चित्रकथी समाजातील कथेकरी रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगताना श्रोत्यांपुढे जी कागदी चित्रे धरीत, त्यांपैकी पैठण परिसराच्या नावाने ओळखली जाणारी अनेक चित्रे आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. ती खरोखर कोणाची, हा प्रश्न बाजारापेक्षा धर्मशास्त्राला अधिक जवळचा आहे. अमेरिकेत गावोगाव फिरून तसबिरी रंगवणाऱ्या अॅमी फिलिप्सच्या (१७८८–१८६५) सहीविना राहिलेल्या चित्रांचा माग, चित्रातल्या माणसाच्या वंशजांकडून निदान काही अंशी लागतो. पैठणच्या चित्रांत मात्र राम, रावण आणि बाणांची गर्दी असते. त्यांचे वारस कोठे शोधायचे?

देवाला मालक मानावे, तर मीमांसा आड येते. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करणाऱ्या शबराने वस्तूचा इच्छेप्रमाणे विनियोग करू शकतो तोच तिचा स्वामी, अशी कसोटी लावली आणि देव तसा विनियोग करीत नसल्याने ‘देवाचे गाव’, ‘देवाचे शेत’ हे केवळ बोलण्याचे प्रकार ठरवले. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मल्लिक खटल्यात मूर्तीला विधिमान्य व्यक्ती मानून याच्या उलट दिशा धरली. पण तो मान प्रतिष्ठापित मूर्तीचा आहे, आणि कथेकऱ्याच्या हातातील, पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या कागदांना तो आपोआप मिळत नाही.

शबराची कसोटी माणसांनाही तितक्याच कठोरपणे लावली, तर निष्कर्ष अनपेक्षित निघतो. कथेकऱ्याला चित्रांचा क्रम मोडता येत नव्हता, कारण त्याच्या हाती असलेला संच आख्यानाला बांधलेला होता. दिनकर केळकरांनी जमवलेला संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाल्यावर संग्रहालयही लोकांच्या वतीने सांभाळणारे विश्वस्त झाले. मनास येईल तसा विनियोग करण्याची पूर्ण मोकळीक या साखळीत फक्त विकण्यासाठी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला होती, आणि ही कसोटी एवढ्यावरच सोडली, तर पावित्र्याच्या इतिहासात तोच एकमेव खरा धनी ठरतो, हे मान्य करणे कठीण आहे. म्हणून इथे स्वामित्वाऐवजी कर्तव्याचा विचार अधिक उपयोगी पडतो: पैठणच्या रहिवाशाचा या चित्रांवर दावा असेल, तर तो कागद घरी नेण्याचा नसून, ती क्रमाने मांडलेली, गायलेल्या आख्यानासह पाहायला मिळण्याचा आहे.