चावडीवरचं टेस्टिंग

प्रोग्राम बरोबर चालला, असं कधी म्हणायचं? अपेक्षित उत्तर आलं की, असं टेस्टर सांगतात. पण अपेक्षित उत्तर ठाऊक कोणाला असतं? संगणकशास्त्रज्ञ एलेन वेयुकर यांनी 1982 मध्येच मांडलं की काही प्रोग्रामांचं उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवणंच अशक्य, नाहीतर फार जिकिरीचं असतं. रत्नागिरीकराला हे कळायला सातबारा पुरतो.

हस्तलिखित सातबारे संगणकावर आले, तेव्हा यंत्राला काय तपासता येणार होतं? गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळते का, एखादा रकाना रिकामा राहिला का, एवढंच. सगळं जुळूनही पांडुरंग गोविंदच्या जागी पांडुरंग गोपाळ पडलेला असू शकतो. आपल्याकडे अख्खी वाडी एका आडनावाची, आणि हा गोपाळही तिथलाच. बेरीज चोख, रकाने भरलेले, जमीन मात्र भलत्याच्या नावावर. ही चूक पकडायला वाडीतलाच माणूस लागतो.

2017 साली राज्यभर चावडीवाचन झालं ते यासाठीच. तलाठ्याने संगणकीकृत सातबारा गावासमोर वाचायचा, खातेदारांनी ऐकून हरकत घ्यायची. सॉफ्टवेअरवाले याला यूजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग म्हणतात आणि पुष्कळदा शेवटच्या आठवड्यात सही घेण्यापुरतं उरकतात. इथे निदान क्रम तरी सरळ होता: आधी वाचन, मग 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा.

पण चावडीवर येतो कोण? कोकणातले कितीतरी खातेदार मुंबईत. मे महिन्यात चाकरमानी आंब्यांसाठी तरी गावी असतो; भर पावसाळ्यात वाचन ठेवलं तर हजर असेल त्याचंच नाव तपासलं जाणार. ‘हरकत आली नाही’ म्हणजे ‘चूक नाही’ असं धरून चालणं ही टेस्टिंगमधली जुनी खोड आहे. कोणी तपासलं नाही, याचीही नोंद अहवालात हवी.

टेस्ट डेटाचंही तेच. ऑफिसात बसून बनवलेल्या नमुन्यात गटाला मालक एक, फार तर दोन. कोकणातल्या सामाईक जमिनीला नावांची रांग, आणि जुने हिस्से आणे-पैत. तिघा भावांना प्रत्येकी 5 आणे 4 पै, म्हणजे मिळून बरोबर 16 आणे. हेच दशांशात प्रत्येकी 0.33 लिहा, तिघांचे 0.99 होतात आणि शंभर गुंठ्यांतला एक गुंठा कोणाचाच राहत नाही! अशी टेस्ट केस तलाठ्याच्या दप्तरात सापडते, नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या खातेदाराच्या बोलण्यात. प्रोग्राम लिहायला घेण्याआधी त्याच्यापाशी जाऊन बसावं.

तुमचा सातबारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावर दिसतो. क्षेत्र आणि नावं दोन्ही नीट वाचा, घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. लेखनप्रमाद आढळला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.