पहिले तीन आटे

एक बोल्ट हातात घ्या. गाडीचा असेल तर उत्तम, नसेल तर घरातला कुठलाही चालेल. खिळ्यांच्या डब्यात एखादा सापडतोच. त्याचे आत्ता काही करायचे नाही. तळहातावर नुसता ठेवा. लोखंड आधी गार लागेल, मग हाताची ऊब घेईल. तेवढा वेळ त्याला द्या.

माझ्या हातात आहे तो जुन्या मारुती ८००चा. नगरला घरामागच्या कडुनिंबाखाली ही गाडी गेले आठ महिने उघडी उभी आहे. इंजिन उतरवले, पुढचे सस्पेन्शन मोकळे केले, प्रत्येक सांध्याचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून डब्यांवर नावे लिहिली. जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटले की पैसा पत्र्याला आणि रंगाला जाणार, हे आधीपासून ठाऊक असते. दिवस मात्र नट-बोल्ट शोधण्यात जातात. गंजून तुटलेला एक स्टड, हरवलेली एक चाकी, म्हणजे नट, आणि अख्खी गाडी तिथेच थांबते.

त्या थांबण्यात आज थोडे बसू. मिलिमीटरचे चांगले नट-बोल्ट कुठे मिळतात, हे दुकानदाराला विचारण्याआधी हातातल्या बोल्टला विचारू.

त्याचे डोके उजेडाकडे करा. अंगठ्याने काजळी पुसा. नीट पाहिले तर उठावाचे आकडे दिसतील, ८.८ किंवा १०.९. सावकाश वाचा. पहिला आठ सांगतो, की हा बोल्ट तुटायला चौरस मिलिमीटरमागे ८०० न्यूटन ताण लागेल. टिंबानंतरचा आठ सांगतो, की त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० न्यूटनपर्यंत ताणला तरी तो पुन्हा आपल्या मूळ लांबीवर येईल. १०.९ असेल तर हेच आकडे १००० आणि ९०० होतात. शेजारी एखादे अक्षर किंवा खूण असते, ती बनवणाऱ्याची. आपल्या हातच्या वस्तूवर जो खूण उमटवतो, तो तिची जबाबदारीही घेतो.

डोके कोरे असेल तर तो बोल्ट वाईट असतोच असे नाही. खिडकीचे ग्रिल, गोठ्याचे फाटक, पत्र्याची शेड तो वर्षानुवर्षे इमानाने धरून ठेवतो. पण त्याची ताकद किती, हे कुणी लिहून दिलेले नाही. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट या चार जागी कोऱ्या डोक्याचा बोल्ट लावू नये. चकचकीत स्टेनलेसचाही मोह होतो. त्यावर बहुधा ए२-७० लिहिलेले असते, म्हणजे ७०० न्यूटन. दिसायला उजळ, ताकदीला ८.८पेक्षा उणा. शिवाय स्टेनलेसची चाकी स्टेनलेसच्या बोल्टवर आवळताना आटे एकमेकांत धरून बसण्याची भीती असते. दिखाव्याच्या जागी तो शोभतो, चाकाजवळ नको.

एक श्वास सावकाश सोडा. आता अंगठ्याचे नख आट्यांवरून फिरवा. नख एका खाचेतून उचलते आणि पुढच्या खाचेत पडते. त्या एका पावलाला पिच म्हणतात. पिच गेज नसले तर साधी पट्टी लावा आणि दहा पावले मोजा. साडेबारा मिलिमीटर भरली तर पिच १.२५, पंधरा भरली तर १.५. जाडी दहा मिलिमीटर आहे एवढ्याने ओळख पुरी होत नाही. हार्डवेअरच्या दुकानात नुसते ‘एम १० द्या’ म्हटले की १.५ पिचचा मिळतो, कारण सगळीकडे तोच खपतो. जपानी घराण्यातल्या गाड्यांत, मारुतीतही, दहाचा बोल्ट बहुधा १.२५चा असतो आणि त्याच्या डोक्याला १४चा पाना लागतो. बाजारातल्या नेहमीच्या एम १०ला १७चा किंवा १६चा. पान्याचा आकडा डोक्याचा, बोल्टचा आकडा अंगाचा आणि पिच त्याच्या चालीचा. तिन्ही जुळले की ओळख पटली.

याहून सोपी एक रीत आहे. जुना आणि नवा बोल्ट एकमेकांना टेकवा, दातांत दात बसवा, आणि खिडकीसमोर धरा. मधून उजेड दिसला नाही तर चाल एक आहे. उजेड झिरपला तर नाही. हे पाहताना घाई करताच येत नाही. हात स्थिर ठेवावा लागतो, आणि हात स्थिरावला की मनही थोडे बसते.

आता नजर जरा लांब नेऊ. नगरला फराहबागेजवळ रणगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९४ साली उभे राहिलेले. कधी गेलात तर तोफांच्या नळ्या पाहून झाल्यावर खाली वाका आणि चाकांजवळचे, पत्र्यांच्या जोडांवरचे बोल्ट पाहा. एकाच आवारात रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, ब्रिटिश चर्चिल आणि सेंच्युरियन आहेत, पाकिस्तानकडून युद्धात हाती आलेला अमेरिकी पॅटन आहे, जर्मन चिलखती गाडी आहे. त्या काळच्या इंग्रजी यंत्रांतले आटे जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये मांडलेल्या मापाच्या घराण्यातले, ५५ अंशांच्या खाचेचे. अमेरिकेचे मापही इंचाचे, पण खाच ६० अंशांची. जर्मनांचे आटे मिलिमीटरचे. त्या मापाची सांगड युरोपातल्या देशांनी १८९८मध्ये झुरिचला घातली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका एकाच बाजूने लढले, पण एकाची चाकी दुसऱ्याच्या बोल्टवर नीट बसत नव्हती. दोघांनी कॅनडाला सोबत घेऊन इंची आट्यांचे एक माप ठरवले ते १९४८मध्ये. तोवर युद्ध संपून तीन वर्षे झाली होती.

त्या आवारात क्षणभर उभे राहा, मनानेच. एवढे लोखंड, एवढी ताकद, आणि एका वेढ्याच्या अंतरावर एकमत नाही.

आपल्याकडे मिलिमीटर कायद्याने आले १९५६मध्ये. पुढच्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. वर्कशॉपमधल्या हाताला मात्र नवे माप अंगवळणी पडायला पिढ्या लागल्या. आजही मिस्त्री लोखंडी सळई ‘सुता’त मागतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरांहून किंचित जास्त. जुन्या जीपवर आणि मॅसी फर्ग्युसनच्या घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरवर इंची आटे आहेत. १९७२च्या सुमारास कायनेटिकची लूना नगरातूनच रस्त्यावर आली, ती पियाजिओच्या इटालियन रचनेवर बेतलेली, म्हणून मिलिमीटरची. दोन्ही मापे या गावाने हाताळली आहेत. म्हणूनच इथल्या जुन्या गॅरेजांच्या डब्यांत दोन्ही मापांचे बोल्ट एकत्र निघतात, आणि धोका तिथेच असतो. तीन सुताचा बोल्ट दहा मिलिमीटरच्या चाकीत शिरतो, सैलसर फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो. खरा जोर आला की आटे सोडतो. सूत जुळले, असे आपण माणसांविषयी म्हणतो. इथे ते शब्दशः जुळावे लागते.

पहिल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा बोल्ट हरवला होता. मी दुकानातून एम १० आणला, पिच मोजला नाही. दीड वेढा बोटांनी गेला, मग अडला. मला वाटले, भोकात गंज असेल. मी पाना लावला. बारीक करकर ऐकू आली आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे चकाकत्या किसासारखे बाहेर आले. भोक मोठे करून त्यात हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेढ्यांचे नवे आटे, बसवून घ्यावी लागली. काम करणाऱ्या वयस्क मिस्त्रींनी मला एक शब्दही रागाने म्हटला नाही. नवा बोल्ट त्यांनी दोन बोटांत धरला, आधी उलटा अर्धा वेढा फिरवला, आटा आट्यात पडल्याचे टक् असे जाणवू दिले, आणि मग सुलटा फिरवला. एक वेढा. दुसरा. तिसरा. पाना त्यानंतर उचलला.

तेच आता करून पाहा. तुमच्या बोल्टची चाकी असेल तर तोंडावर ठेवा. डावीकडे हळूच फिरवा, आटा खाली बसल्याचे जाणवेपर्यंत. मग उजवीकडे. जोर लावू नका. फक्त बोटांच्या टोकांनी. चाकी आपणहून खाली उतरत जाते, तेव्हा हाताला ते कळते.

या तीन वेढ्यांत यंत्रशास्त्राची एक गोष्ट दडलेली आहे. बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा ताणला जातो, आणि त्या ताणानेच दोन भाग एकमेकांना धरून राहतात. हा भार चाकीतल्या सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. जोडाच्या बाजूच्या पहिल्या आट्यावर साधारण एक तृतीयांश पडतो, आणि पहिल्या तिघांवर मिळून निम्म्याहून बराच अधिक. चाकी चढवताना बोल्टला सगळ्यांत आधी भेटतात ते हेच आटे. वाकडी सुरुवात केली तर चिरडले जातात तेही हेच. पुढे हजारो किलोमीटर जे ओझे वाहणार, ते पहिल्या काही क्षणांतच आपल्या बोटांखाली येऊन गेलेले असतात.

त्यावर थोडा वेळ थांबा.

आता बाजाराकडे वळू. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात लोखंडी कामाला तोटा नाही. प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकारी साखर कारखान्यांची परंपरा, नागापूरची एमआयडीसी, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या, आणि सैन्याच्या वाहनांची परीक्षा घेणारी वाहन संशोधन आणि विकास आस्थापना. गळीत चालू असताना यंत्र थांबवून चालत नाही. म्हणून कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात ताकदीचा आकडा पाहूनच बोल्ट घेतला-दिला जातो. गाडीसाठी तिकडे जावे. ‘हायटेन्साइल’ एवढे म्हणून भागवू नये. जाडी, पिच, लांबी आणि ८.८ की १०.९, हे चारही सांगावे. खोक्यावरची चिठ्ठी वाचावी. आयएस १३६४ आणि आयएस १३६७ ही भारतीय मानके षट्कोनी बोल्टांची आणि त्यांच्या गुणांची. टीव्हीएस घराण्याच्या सुंदरम फास्टनर्सचा माल असो की अनब्रॅकोचा, खोके आणि बोल्टचे डोके एकच गोष्ट सांगताहेत ना, ते पाहावे. चाकीही बोल्टच्या तोलाची घ्यावी: ८.८ला ८ची, १०.९ला १०ची.

बारीक पिचचा किंवा कॉलर असलेला बोल्ट इथे मिळाला नाही, तर गाडीच्या कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात पार्ट नंबरने मागवावा. पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहे. भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे बोल्टही उपयोगी पडतात. रॉकेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशने घासून, आटे आणि मान नीट पाहून घ्यावेत. मात्र सिलिंडर हेडचे आणि ब्रेकचे बोल्ट नवेच घ्यावेत. कुठेही जा, जुना बोल्ट खिशात असू द्या. शब्दांपेक्षा तो अचूक बोलतो.

आणि दुकान चांगले कसे ओळखावे? जो काउंटरवरून ‘कुठे लावणार?’ एवढे विचारतो, तुमचा जुना बोल्ट हातात घेतो, पट्टीवर मोजतो, आणि चाकी स्वतः बोटांनी फिरवून दाखवतो, त्याच्याकडे पुन्हा जा. नसेल तर ‘नाही’ म्हणणाराही त्याच तोलाचा. ‘चालून जाईल’ म्हणत जवळपासचा काढून देणारा आपले दोन रुपये वाचवतो आणि एक सांधा घालवतो. चांगल्या दुकानदाराला दोन रुपये जास्त द्यावे लागले तर आनंदाने द्यावेत. त्याच्या विचारण्यावर आपल्या घरची माणसे गाडीत बसणार असतात.

हातातला बोल्ट आता पुरता गरम झाला असेल. त्याच्या डोक्यावरचा आकडा तुम्हाला माहीत आहे, त्याची चाल तुम्ही मोजली आहे. तो डब्यात परत ठेवा, आणि डब्यावर माप लिहा: जाडी, पिच, लांबी, ताकद. आठ महिन्यांनी उघडणाऱ्याला, तो तुम्हीच असलात तरी, त्याचा उपयोग होईल.

कडुनिंबाखालच्या गाडीचे अजून चाळीसेक बोल्ट लावायचे आहेत. आठ मिलिमीटरच्या ८.८ला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. ते टॉर्क पान्यावर लावून घेईन. पण पाना नंतर. तुम्हीही उद्या कुठला सांधा जोडायला बसाल, तेव्हा एवढे करा: पहिले तीन आटे बोटांनी फिरवा. फिरले तरच पाना उचला. अडले तर बोल्ट बाहेर काढा, पुसा, मोजा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.