मातीचं पोतं

दिवाळीच्या आधी दहा-बारा दिवस आमच्या सोसायटीच्या गेटवर दरवर्षी एकच भांडण होतं. नर्सरीचा टेम्पो लाल मातीची पोती घेऊन येतो आणि वॉचमनकाका त्याला आत सोडत नाहीत. पेव्हर ब्लॉकच्या फटींत माती बसते, ड्रेनेजची जाळी तुंबते, गाड्यांवर शिंतोडे उडतात. तक्रारी काही खोट्या नाहीत. मग कुणीतरी सेक्रेटरींना फोन लावतं, ‘तुळशीच्या लग्नाआधी सगळं साफ करून देतो’ असं कबूल करतं, आणि मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्याची माती आत येते. आमची इमारत उभी आहे त्या जागी वीस वर्षांपूर्वी ज्वारीचं शेत होतं. त्याच जमिनीवर वाढणाऱ्या मुलांसाठी आता माती विकत आणायची, तीही परवानगी काढून.

माझ्या मुलीला साडेसात वर्षांची होईपर्यंत मी शाळेत घातलं नव्हतं. त्या काळात लोकांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. गणिताचं काय? इंग्रजीचं काय? पुढे दहावीचं काय? लग्नाकार्यात भेटलेल्या दूरच्या आत्याबाईंपासून पेडियाट्रिशियनपर्यंत सगळ्यांनी विचारले. ‘मातीचं काय?’ असं मात्र एकानेही विचारलं नाही. मीही स्वतःला तो प्रश्न बऱ्याच उशिरा विचारला.

पहिलं वर्ष मी घरात शाळाच भरवली. हॉलच्या भिंतीवर वेळापत्रक, अक्षरांचे ट्रे, रंगवलेल्या मण्यांच्या माळा, मंगळवारी ‘निसर्ग’, गुरुवारी ‘कला’. निसर्ग म्हणजे बाल्कनीतल्या तीन कुंड्या. सगळं कसं देखणं होतं, फोटो काढण्याजोगं. सहाएक महिन्यांनी एका दुपारी तिने ट्रे बाजूला सरकवला आणि विचारलं, “आई, शाळा सुटते कधी?” शाळेत जाणाऱ्या मुलांना घरी परत यायला निदान घर तरी असतं. मी तिचं तेही काढून घेतलं होतं.

शाळा सोडली की हाताशी काय उरतं? साधनं, शिक्षक, मैदान, प्रयोगशाळा यांत शाळा आपल्याला केव्हाही भारी. आपल्याकडे एकच गोष्ट तिच्याहून जास्त असते: न मोजलेला वेळ. आणि तो वेळ खर्च करायला चार भिंतींबाहेरची, थोडी अस्ताव्यस्त, कुणी फारसं लक्ष देत नसलेली जागा लागते. तशी जागा नसेल तर घरशाळा म्हणजे कमी पगारात चालवलेली एक लहानशी शाळा. पगार आईला, म्हणजे शून्य.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. किल्ल्यावरून कळलं.

मुलगी पाच वर्षांची होती त्या दिवाळीत सहामाही परीक्षा संपवून मोठ्या मुलांची टोळी पार्किंगच्या कोपऱ्यात उतरली. फुटक्या कुंड्या, अर्ध्या विटा, एक तळ गेलेली बादली, पंपरूममागचे दगड. त्यावर मातीच्या पातळ चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, मग त्यावर घट्ट चिखल थापायचा. पहिल्या दिवशी उतार फार उभा झाला आणि संध्याकाळपर्यंत निम्मा डोंगर घसरून खाली आला. दुसऱ्या दिवशी पायथा रुंद केला. तळ्यातलं पाणी रात्रीत जिरून गेलं, म्हणून तळाशी दुधाची पिशवी पसरली. पिशवीला भोक निघालं, त्यावरून दोघांची जुंपली. माझ्या मुलीला चिखल कालवायचं काम मिळालं. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही. “ती लिंबूटिंबू,” एवढं एकजण म्हणाला आणि तिची नेमणूक झाली.

नंतर अळीव आणि मोहरी पेरली. मुलगी तासातासाला उगवलंय का बघायला खाली जाई. तिसऱ्या दिवशी भिंतीच्या सावलीतली बाजू हिरवी झाली आणि उन्हाकडची तशीच भेगाळलेली राहिली. तिने ते बराच वेळ उकिडवं बसून बघितलं. मग वर येऊन शिंतडायला जुन्या शॅम्पूची बाटली मागितली आणि झाकणाला भोकं पाडून घेतली. मी एक शब्द बोलले नाही. बोलायला जीभ शिवशिवत होती, ओलावा, बाष्पीभवन, अंकुरण, सगळं ओठांवर आलं होतं. पण एव्हाना मी थोडी शहाणी झाले होते.

त्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर होते, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे होते, गुहेत वाघ होता. महादरवाजापाशी एक हेलिकॉप्टर होतं, आणि बुरुजापेक्षा उंच अशी प्लॅस्टिकची गाय. अलीकडे किल्ल्यांच्या स्पर्धा होतात. त्यात प्रतिकृती प्रमाणात हवी, माहितीचा फलक हवा, हेलिकॉप्टरला मार्क कापतात. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बाबालोक थर्माकोल कापत बसलेले मी पाहिले आहेत. बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्लाही मिळतो, आणून ठेवला की झालं. इतिहासाचं प्रेम मला कळतं. पण स्पर्धा आली की किल्ला मोठ्यांचा होतो आणि मुलांकडे फक्त चिखल कालवायचं काम उरतं. तेसुद्धा कपडे खराब होतात म्हणून हल्ली देत नाहीत.

मुलांचा खेळ मुलांच्या हाती सोडणारे सी. थ. सोरेन्सन नावाचे एक डॅनिश उद्यानरचनाकार होते. आपण आखलेल्या देखण्या बागांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९३१ साली त्यांनी भंगाराचंच मैदान करावं अशी कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आली १९४३ साली, कोपनहेगनच्या एमड्रुप भागात, देश जर्मनांच्या ताब्यात असताना. फळ्या, विटा, दोर, चाकं, हत्यारं, आणि देखरेखीला एक मोठा माणूस. घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. युद्ध संपल्यावर १९४६ साली ब्रिटनच्या लेडी अॅलन यांनी ते पाहिलं आणि ब्रिटनमध्ये बाँबने पडलेल्या जागांवर तशी मैदानं उभी राहिली. पुढे १९७१ साली ब्रिटिश कलाकार सायमन निकोलसन यांनी त्यामागचं सूत्र मांडलं: एखाद्या जागी हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकी तिथं नवनिर्मितीची शक्यता जास्त. हे वाचताना मला आमची तळ गेलेली बादली आठवली. सोसायटीतल्या रबरी फरशीवरच्या लाल-पिवळ्या घसरगुंडीला वर चढायचं आणि खाली यायचं, एवढंच येतं. बादलीचा बुरूज होतो, विहीर होते, उलटी टाकली की तुरुंग होतो.

आपल्याला मात्र हे कोपनहेगनहून शिकायची गरज नव्हती. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ तिथं त्यांच्या कामात आल्या. ताराबाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेलं. माँटेसरी पद्धत त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. पण बालवाडी उघडली तरी वस्तीतली गरीब मुलं तिथं येईनात. येत नाहीत म्हणून दोष मुलांना किंवा आईबापांना न देता ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभं राहिलं, त्यात गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही होती: गुरं चरताहेत तिथंच शाळा. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज शहरातल्या कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात आणि अंगण फक्त पाटीवर असतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला आणि त्याचं शिक्षण खेळातून व्हावं असं सांगितलं. २०२३ मध्ये त्यासाठी ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्यांची पेटीही आली. पेटी चांगली आहे. पण ती उघडून बसायला जागा कुठली, हे पेटीत लिहिलेलं नाही.

इथं एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ‘मूल घरी ठेवलं’ या वाक्याचा महाराष्ट्रात दुसराही एक अर्थ आहे आणि तो माझ्या अर्थापेक्षा कितीतरी जास्त घरांना लागू पडतो. आपण फराळाच्या तयारीला लागतो त्याच सुमारास बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. थोरली मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते. साखरशाळा निघाल्या त्या या पोरांसाठी. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवतो, तो अशाच मुलींकडे बघून. त्यात घरशाळेचा उल्लेखसुद्धा नाही. आमच्यासारखे लोक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, नाहीतर दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म, अशा वाटा धरतात आणि निभावून नेतात. ऊसतोडीच्या त्या मुलीला तशी वाट नसते. म्हणून घरशाळेचे मेळावे भरतात तिथं कुणी ‘शाळा म्हणजे तुरुंग’ असं जोरात म्हणालं की मी पाण्याची बाटली भरायला उठते. सहा वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न मात्र सोपा आहे. त्यांना शाळेत घालायची सक्ती कायदाही करत नाही. तिथं घरशाळा हा शब्दच मोठा आहे. त्याला आपण पूर्वी लहानपण म्हणत होतो.

घरशाळेची खरी उणीव गणितात नाही. ती सकाळी अकरा वाजता कळते. मी टाइमटेबल फाडून टाकलं, मुलीला खाली सोडलं, आणि खाली कुणीच नव्हतं. वॉचमनकाका, दोन मांजरं, धुणंभांड्याला आलेल्या मावशी. बाकी सगळी मुलं आपापल्या इयत्तेत. इंटरनेटवर दिसणाऱ्या घरशाळेत मूल झाडाखाली एकटं पान निरखत असतं. फोटोत ते फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात वीस मिनिटांनी ते वर येऊन “आता काय करू?” विचारतं. डबा ऐसपैसला किमान पाचजण लागतात. आट्यापाट्यांना तर दोन संघ. विटीदांडू भिंतीशी खेळता येत नाही.

आणि नुसती मुलं असून भागत नाही, ती लहानमोठी असावी लागतात. लिंबूटिंबू ही मराठी मुलांनी लावलेली फार मोठी युक्ती आहे, आणि तिच्यावर कुणी प्रबंध लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, याचं मला नवल वाटतं. चार वर्षांचं पोर मोठ्यांच्या खेळात हवं, पण त्याच्यावर राज्य आलं तर खेळच बंद पडेल. म्हणून त्याला आत घ्यायचं आणि आउट करायचं नाही. ते धावतं, ओरडतं, लपलेल्यांची जागा फोडतं, आणि नियम बघून बघून शिकतं. एक दिवस त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येतं आणि ते रडत रडत, पण अभिमानाने ते घेतं. तो निर्णय कुणा बाईंनी दिलेला नसतो. शाळेत एका वर्गातले सगळे साधारण एकाच वर्षी जन्मलेले, म्हणून तिथं लिंबूटिंबूला जागा नाही. घरशाळेत तर एकच मूल. ते लिंबूटिंबू होणार कुणाचं?

यावर मी काय केलं? आदर्श असं काही नाही. दिवस उलटा केला. सकाळी घरातली कामं, वाचन, बाजार, पोळ्यांचे वेडेवाकडे नकाशे. आणि चारनंतर, शाळा सुटल्या की, काहीही झालं तरी खाली. त्या वेळेवर दुसरं काही ठेवायचं नाही. आजूबाजूच्या मुलांना चारनंतर क्लास होते, म्हणून आणखी चार आयांशी बोलून आठवड्यातले तीन दिवस मोकळे करून घेतले. घरशाळा चालवण्यातलं माझं सगळ्यात कष्टाचं काम हे होतं. अक्षरं तिला कधी यायला लागली ते मला नीट आठवतसुद्धा नाही.

दुसरं काम सोसायटीच्या वार्षिक सभेतलं. कंपाउंडलगतची पंधरा फुटी पट्टी उखडून तिथं माती ठेवा, एवढीच मागणी. तिथं मी आधी बालपण, सृजनशीलता वगैरे बोलले. सभेत चहा आला. मग चीनमधल्या ग्वांगजौचा अभ्यास सांगितला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला: पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसायला लागलं, नेहमीसारखी शाळा केलेल्यांत ३९.५ टक्के. सभागृह सावरून बसलं. चष्म्याचा नंबर प्रत्येक घरात असतो. खेळाची अशी वकिली करणं मला आवडत नाही, उद्या डोळ्यांचे थेंबच पुरेसे वाटले तर माती पुन्हा जाणार. पण पट्टी मंजूर झाली. निम्मी. साडेसात फूट.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. शाळेत जाते, तिला शाळा बरी वाटते, गणित यथातथा. सहामाही संपली की टोळीची म्होरकी ती असते. गेल्या वर्षीचा किल्ला त्या साडेसात फुटांत उभा राहिला, म्हणून टेम्पोवरून नेहमीचं भांडण झालं नाही. तरी एक पोतं लागलंच. तळ्यातलं पाणी नेहमीप्रमाणे जिरत होतं. सेक्रेटरीकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते येता-जाता दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. वाकून म्हणाले, “लाल मातीत पाणी राहत नाही. तळाला काळी चिकणमाती थापा, आणि ह्या बांधाचा पायथा—”

“काका,” मुलगी म्हणाली, “तुम्हाला खेळायचंय का?”

काका जरा गडबडले. हो म्हणाले.

“मग तुम्ही लिंबूटिंबू.”

“बरं. लिंबूटिंबूचं काम काय?”

“चिखल कालवायचा.”

काकांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात ठेवलं, आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसले.