तुपाची वाटी

मराठी घरात भूक ही ज्याची त्याची खाजगी बाब कधीच नव्हती. पंगतीला बसलेल्या माणसाला किती भूक आहे हे तो सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे आपल्याकडे 'नको' या साध्या शब्दाचे तीन अर्थ झाले आहेत. पहिले 'नको' म्हणजे संकोच. दुसरे म्हणजे शिष्टाचार. तिसरे 'नको' पानावर दोन्ही हात आडवे धरून म्हटलेले असेल, तर ते पोटातून आले असावे असा संशय घ्यायला थोडीफार जागा असते. तरीही एक जिलबी बोटांच्या फटीतून पानात पडतेच.

अशा घरात पहिल्याच 'नको'ला खरोखरच 'नको' म्हणणारा कुणी येऊन राहिला, की मग मोठे नैतिक पेचप्रसंग उभे राहतात. आमच्या घरात असा एकजण आहे. नाव मल्हार. जात कारवान, म्हणजे कागदोपत्री जिला मुधोळ हाउंड म्हणतात ती.

या कुत्र्यांचे खानदान मोठे. मुधोळच्या राजेसाहेबांनी, मालोजीराव घोरपड्यांनी, इंग्लंडच्या पंचम जॉर्जला ही कुत्री नजर केली होती असे सांगतात. 2005 साली आपल्या टपालखात्याने त्यांचे तिकीटही काढले. वास घेत रमतगमत जाणाऱ्या कुत्र्यांतली ही नव्हेत. ही नजरेने हेरणारी आणि बाणासारखी सुटणारी. छाती खोल, पोट आत गेलेले, पाय लांब, आणि अंगावर चरबी नाही म्हणजे नाही. सोलापूर-विजापूरकडच्या माळावर ती सशामागे सुटत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ससाही सुटला आणि कुत्र्याची नोकरीही सुटली. पेन्शनर मंडळींची भूक जशी घड्याळावर चालत नाही, तसेच काहीसे झाले असावे.

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढायच्या आत एकच प्रश्न विचारतो, "अहो, याला खायला देत नाही का?" तळमजल्यावरच्या काकू तर जिन्यात भेटल्या की कुत्र्याकडे बघून 'च्च' करतात आणि मग आमच्या पोटाकडे बघतात. त्या दोन बघण्यांमधला हिशेब आम्हांला समजतो. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. त्यांच्या बरगड्या कुणी मोजल्याचे आजवर ऐकिवात नाही. पण मल्हारच्या बरगड्या सबंध सोसायटीला तोंडपाठ आहेत.

डॉक्टरांनी मात्र निम्मा निकाल आमच्या बाजूने दिला. "शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत," ते म्हणाले, "नाही दिसल्या तर हा कारवान नाही, गादी आहे." मग त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि चेहरा बदलला. कण्याचे मणी रुद्राक्षाच्या माळेसारखे हाताला लागत होते. मांड्या भरलेल्या हव्यात, त्या उतरल्या होत्या. वजन 19 किलो. आणखी दोन हवे होते.

तेव्हा पाहुणे मूर्ख असले तरी सर्वस्वी चूक नव्हते. हीच गोष्ट फार त्रास देते.

आता घरात जे सुरू झाले ते वर्णन करण्यासारखे आहे. आईने तूप-भात केला. मल्हारने वास घेतला आणि खिडकीबाहेर पाहिले. हिने उकडलेले अंडे कुस्करून घातले. त्याने अंडे निवडून खाल्ले आणि भात कडेला सारला. दुसऱ्या दिवशी अंडेही नको. कोंबडी आणली, तीन दिवस ती चालली आणि चौथ्या दिवशी तिच्यातही काही राम उरला नाही. मग हातातून भरवणे, चिऊचा घास, काऊचा घास. ज्याच्या पूर्वजांनी चिऊकाऊंनाच घास समजले असते, त्याला! एकदा आईने शिरा पुढे केला. त्यात बेदाणे होते आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे, म्हणून ही धावली. कांदा, लसूण, चॉकलेट यांचीही तीच गत. आपल्या स्वयंपाकातून कांदा आणि लसूण वजा केल्यावर आपल्याजवळ लाड करण्यासारखे फारच थोडे उरते, हे मला तेव्हा प्रथम जाणवले.

संत नामदेवांची कथा सर्वांना माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नकोस. आमच्या घरातही तुपाची वाटी घेऊन रोज दोनदा धावपळ होई. फरक एवढाच की पुढे पळणाऱ्याच्या तोंडात भाकरी नसे. आणि विचार करता वाटू लागले, की सगळा फरक तोच आहे. त्या कुत्र्याने आपली भूक आपण ठरवली होती. नामदेव नंतर आले. आमच्याकडे तूप आधी पळत होते आणि भूक कुणी शोधतच नव्हते.

डॉक्टरांनी आधी शोधायला लावले. "खात नाही आणि खाववत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी," ते म्हणाले. दात पाहिले, रक्त तपासले, कारण गोचिडीच्या तापात भूक मरते, शी तपासली. जंत निघाले. औषध झाले. पण नखरा उरला. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय ऐकून आईने डॉक्टर बदलण्याची सूचना केली. दिवसातून तीन वेळा ठरल्या वेळी कोमट जेवण ठेवायचे. पंधरा मिनिटे. गयावया नाही, भरवणे नाही, उभे राहून बघणेसुद्धा नाही. पंधरा मिनिटांनी जे असेल ते मुकाट्याने उचलायचे आणि पुढच्या जेवणापर्यंत बिस्किटाचा तुकडाही द्यायचा नाही. नवा पदार्थ आठवडाभरात थोडाथोडा मिसळत वाढवायचा. तूप चमच्याने, वाटीने नव्हे. एकदम चरबी झाली की स्वादुपिंड सुजते. जेवल्यावर तासभर धावणे बंद, कारण अशा खोल छातीच्या कुत्र्याचे पोट पिळले तर जीवावर बेतते.

"मुक्या जनावरापुढचं ताट उचलायचं?" आई म्हणाली. "पाप कुणाच्या माथी?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार करतो आहे. गल्लीतला कुत्रा आपल्या पोळीला 'नको' म्हणतो तेव्हा दोन गल्ल्यांपलीकडचा खाटीक त्याच्या पाठीशी असतो. मल्हारच्या पाठीशी कुणी नाही. फ्रीज आमचा, दार आमचे, दाराची कडी आमची. त्याच्या मालकीचा एकच निर्णय आहे, तो म्हणजे तोंड उघडायचे की नाही. तोही आम्ही चिऊकाऊच्या नावाने काढून घ्यायचा का? आणि दुसरीकडे, ज्याला दुसरे स्वयंपाकघरच नाही त्याच्या नकाराला मान देऊन आपण पेपर वाचत बसायचे, हेही तितकेच सोयीचे. म्हणून डॉक्टरांची पुढची अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. दिवसभरात काहीच खाल्ले नाही, उलट्या झाल्या किंवा वजन उतरले, तर त्या 'नको'चा अर्थ बदलला. ताबडतोब घेऊन यायचे.

पहिले दोन दिवस घरात सुतक होते. ताट उचलताना ही तोंड फिरवी, आई देवघरात जाऊन बसे. तिसऱ्या दिवशी दुपारी मल्हारने भांडे चाटून भिंतीपर्यंत सरकवत नेले. आत भात, कोंबडी, थोडे काळीज आणि भोपळा, सगळे होते. आम्ही तिघेही दुसऱ्या खोलीत श्वास रोखून बसलो होतो. नियमच होता, बघायचे नाही. भांडे फरशीवर घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

आता पाच आठवडे झाले. पाहुणे विचारतात ते विचारतातच. बरगड्याही आहेत तिथेच आहेत. पाठीवरचे मणी मात्र हाताला जरा कमी लागतात. काल वजन केले, 19 किलो 800 ग्रॅम. मी विजयी मुद्रेने आकडा घरात येऊन सांगितला.

"पट्टा काढून केलंस का रे?" आईने विचारले.